दम, जोर आणि पाण्याची पकड

एखादा मोठा जलतरणपटू निवृत्ती जाहीर करतो, सत्कार होतात, आणि तीन-चार वर्षांनी बातमी येते की तो पुन्हा स्पर्धेत उतरतोय. बातमी वाचणाऱ्यांच्या मनात दोनच प्रश्न येतात. या वयात त्याला जमेल का? आणि जमलंच, तर त्यात काही काळंबेरं तर नसेल? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण दोन्हींच्या मुळाशी एक समज आहे: वय वाढलं की वेग गेला, आणि गेलेला वेग सरळ मार्गानं परत येत नाही. या प्रकरणात तो समज तपासून पाहू. पुनरागमन जमेल की नाही, हे वयापेक्षा दोन गोष्टींवर जास्त अवलंबून असतं: शर्यत किती लांबीची आणि मधला खंड किती वर्षांचा. हे का, ते आता टप्प्याटप्प्यानं पाहू.

१. वयाचा हिशेब जिथं चुकतो

१७ ऑगस्ट २००८, बीजिंग. महिलांच्या ५० मीटर फ्रीस्टाइलची अंतिम शर्यत. जर्मनीच्या ब्रिटा श्टेफननं २४.०६ सेकंदांत भिंतीला हात लावला, अमेरिकेच्या डारा टोरेसनं २४.०७ सेकंदांत. त्या वेगानं पोहणारी व्यक्ती एका सेकंदाच्या शंभराव्या भागात साधारण दोन सेंटिमीटर जाते. सुवर्ण आणि रौप्य यांच्यात तेवढंच अंतर होतं. टोरेस तेव्हा ४१ वर्षांची होती आणि तिला दोन वर्षांची मुलगी होती. तिसरी आलेली ऑस्ट्रेलियाची केट कॅम्पबेल होती १६ वर्षांची. टोरेसनं पहिलं ऑलिंपिक १९८४ मध्ये गाजवलं, तेव्हा कॅम्पबेलचा जन्म व्हायला आठ वर्षं बाकी होती. मधल्या काळात टोरेस एकदा नव्हे, दोनदा स्पर्धा सोडून गेली होती: १९९२ नंतर सात वर्षं, आणि २००० च्या सिडनी ऑलिंपिकनंतर पुन्हा. सिडनीत ३३ व्या वर्षी तिला याच शर्यतीत २४.६३ सेकंद लागले होते. आठ वर्षांनी ती अर्ध्या सेकंदाहून जास्त वेगवान झाली होती.

आता दुसरं उदाहरण घेऊ. ऑस्ट्रेलियाचा इयन थॉर्प हा मध्यम अंतराच्या फ्रीस्टाइलमधला पिढीतला सर्वांत मोठा पोहणारा. पाच ऑलिंपिक सुवर्णपदकं मिळवून नोव्हेंबर २००६ मध्ये, अवघ्या २४ व्या वर्षी, तो निवृत्त झाला. २०११ मध्ये त्यानं पुनरागमन जाहीर केलं आणि मार्च २०१२ मध्ये ॲडिलेडच्या निवड चाचणीत तो उतरला. वय २९, म्हणजे टोरेसपेक्षा बारा वर्षांनी तरुण. तरी २०० मीटरमध्ये तो उपांत्य फेरीतच बाद झाला. कधीकाळी १ मिनिट ४४.०६ सेकंद असा विश्वविक्रम करणाऱ्या थॉर्पला त्या दिवशी १ मिनिट ४९.९१ सेकंद लागले. लंडन ऑलिंपिकचं दार बंद झालं.

वय हेच कारण असतं तर हे दोन निकाल उलटे लागायला हवे होते. टोरेस अपवादात्मक होती म्हणून तिला जमलं, असं म्हणून विषय मिटवता येईल. पण थॉर्पही काही सामान्य नव्हता. तेव्हा उत्तर दोघांच्या गुणवत्तेत नव्हे, दुसरीकडे शोधायला हवं; आणि त्यासाठी आधी पाणी काय करतं हे समजून घ्यावं लागेल.

२. पाणी किती आडवं येतं

पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट दाट असतं. म्हणून पोहणाऱ्याची निम्मीअधिक लढाई प्रतिस्पर्ध्याशी नसते, पाण्याच्या रोधाशी असते. हा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: वेग दुप्पट झाला तर रोध चौपट. आणि त्या रोधाविरुद्ध पुढं जात राहायला दर सेकंदाला जी ताकद खर्चावी लागते, ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. हे ढोबळ गणित आहे, पण उपयोगाचं आहे. वेग १० टक्क्यांनी वाढवायचा असेल तर १.१ ला १.१ नं दोनदा गुणा: १.३३१. म्हणजे १० टक्के जादा वेगासाठी ३३ टक्के जादा ताकद.

हे गणित तरुणाला जाचक वाटतं. परतणाऱ्याच्या मात्र ते पथ्यावर पडतं. समजा वयामुळं आणि सरावाच्या खंडामुळं एखादीची ताकद १० टक्क्यांनी घटली. तिचा वेग १० टक्क्यांनी कमी होत नाही, फक्त साडेतीन टक्क्यांनी होतो. पन्नास मीटरला २४ सेकंद लागत असतील तर आता २४.८६ लागतील. मोठ्या स्पर्धेत ही तूट फार आहे हे खरं, पण भरून न येण्याजोगी नाही. कारण या हिशेबात दुसरी एक बाजू आहे: तिनं शरीराची ठेवण सुधारून पाण्याचा रोध १० टक्क्यांनी कमी केला, तर गेलेली सगळी ताकद वसूल होते आणि वेग होता तेवढाच राहतो. धावण्यात हा पर्याय जवळजवळ नाही. पोहण्यात तो प्रत्येक हाताच्या फेकीला उपलब्ध असतो.

हा रोध कमी होतो तो कशानं? डोकं जरा उचलून पुढं पाहिलं की कंबर खाली जाते आणि पाय मागून ओझ्यासारखे ओढावे लागतात. नजर तळाकडं ठेवली की डोकं, पाठ, कंबर, टाचा एका रेषेत येतात. हात पाण्यात शिरल्यावर कोपर उंच ठेवून तळहात आणि मनगटापासून कोपरापर्यंतचा भाग असं दोन्ही मिळून पाणी मागं लोटलं, तर पकड मोठी मिळते; कोपर खाली पडलं की तोच हात पाण्यातून नुसता निसटतो. सूर मारल्यावर हात कानामागं घट्ट जुळवून, शरीर ताणून पाण्याखालून लाथा मारत जाण्याची कला याहून मोलाची. नियमानं १५ मीटरपर्यंत पाण्याखाली राहता येतं. पन्नास मीटरच्या शर्यतीत हा जवळजवळ तिसरा हिस्सा झाला. हे सगळं कसब आहे आणि कसब वयानं लगेच झिजत नाही.

३. काय ओसरतं, काय राहतं

सराव थांबला की शरीरातून सगळंच एकदम जात नाही. सगळ्यांत आधी जातो तो दम. दम म्हणजे हृदयानं रक्त ढकलण्याची, रक्तानं प्राणवायू वाहून नेण्याची आणि स्नायूंनी तो वापरण्याची एकत्रित क्षमता. सराव बंद झाल्यावर पहिल्या काही दिवसांतच रक्तातल्या द्रवाचं प्रमाण घटू लागतं, त्यामुळं हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला कमी रक्त बाहेर पडतं. तीन-चार आठवड्यांत प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता लक्षात येण्याइतकी खाली येते, आणि स्नायूंच्या पेशींमधली ऊर्जा तयार करणारी यंत्रणाही आक्रसू लागते. त्यातच वयाचं ओझं: बैठं आयुष्य असेल तर ही क्षमता दर दहा वर्षांत साधारण १० टक्क्यांनी उतरते. व्यायामानं तो उतार मंदावतो; पण हृदयाच्या ठोक्यांची कमाल गती वयाबरोबर कमी होते, ती घट कितीही व्यायाम केला तरी अडत नाही.

जोर मात्र अधिक काळ टिकतो. स्नायूंची ताकद दमापेक्षा सावकाश घटते, आणि एकदा कमावलेली ताकद पुन्हा मिळवणं पहिल्यांदा मिळवण्यापेक्षा सोपं जातं. याचं एक संभाव्य कारण नॉर्वेतल्या संशोधकांनी २०१० मध्ये उंदरांवरच्या प्रयोगातून पुढं आणलं. स्नायू वाढतो तेव्हा त्याच्या तंतूंमध्ये नवी पेशीकेंद्रकं येतात. स्नायू पुन्हा बारीक झाला तरी ही केंद्रकं दीर्घकाळ तिथंच राहिलेली दिसली. माणसात ते तंतोतंत तसंच घडतं का यावर अजून वाद आहे, पण जुना खेळाडू जोर लवकर परत मिळवतो हा अनुभव प्रशिक्षकांना नवा नाही. झटक्यानं काम करणारे स्नायूतंतू वयानं घटतात खरे, पण ती घट ठळक होते ती बहुधा पन्नाशीच्या पुढं.

तिसरी गोष्ट पाण्याची पकड. ही मेंदूत साठलेली असते. हजारो तास एकाच हालचालीचा सराव केल्यावर ती हालचाल विचार न करता होऊ लागते, आणि असं शिकलेलं सहसा पुसलं जात नाही. काही वर्षं पडीक ठेवलेल्या शेतासारखंच हे आहे: बांध आणि विहीर जागेवर असतात, पीक मात्र नव्यानं घ्यावं लागतं. पकड आणि जोराचा पाया म्हणजे बांध आणि विहीर. दम हे पीक. आणि काही पिकांना एक हंगाम पुरतो, काहींना अनेक वर्षं लागतात.

४. म्हणून अंतर महत्त्वाचं

पन्नास मीटरची शर्यत बावीस-चोवीस सेकंदांत संपते. तेवढ्या वेळात स्नायू आपल्यातच साठवलेली ऊर्जा वापरतात. प्राणवायूचा वाटा थोडा असतो, आणि कित्येक जण संपूर्ण शर्यतीत एखादाच श्वास घेतात. शर्यत सव्वा-दीड मिनिटाच्या आसपास गेली की दोन्ही यंत्रणांचा वाटा साधारण बरोबरीला येतो. पुढं दमाचाच अंमल. आता पुनरागमनांचा इतिहास याच क्रमानं लावून पाहा.

सर्वांत छोट्या टोकाला अमेरिकेचा अँथनी अर्विन. २००० मध्ये सिडनीत ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये त्यानं गॅरी हॉल ज्युनियरबरोबर सुवर्ण वाटून घेतलं, आणि काही वर्षांत स्पर्धा सोडल्या. पुढं त्यानं ते पदक विकून पैसे त्सुनामीग्रस्तांना दिले, न्यूयॉर्कमध्ये लहान मुलांना पोहायला शिकवलं. २०११ नंतर तो परतला, आणि २०१६ मध्ये रिओत, ३५ व्या वर्षी, २१.४० सेकंदांत त्याच शर्यतीचं सुवर्ण त्यानं पुन्हा जिंकलं. फ्रान्सचा फ्लोराँ मॅनोदू शंभराव्या भागानं मागं राहिला. दोन सुवर्णांमध्ये सोळा वर्षं. त्याच पठडीतला ऑस्ट्रेलियाचा कॅमेरॉन मॅकएव्हॉय. टोकियो ऑलिंपिकनंतर तो बराच काळ पाण्यापासून दूर राहिला आणि परतताना त्यानं सराव मुळापासून बदलला. आठवड्याला तीसेक किलोमीटर पोहण्याची जुनी रीत सोडून अगदी मोजकं पण पूर्ण वेगानं पोहायचं आणि बाकी वेळ जोर कमवायचा. २०२३ मध्ये तो विश्वविजेता झाला आणि २०२४ मध्ये पॅरिसला, ३० व्या वर्षी, ऑलिंपिक विजेता. दमाचं पीक त्यानं घेतलंच नाही. त्याच्या शर्यतीला ते लागत नव्हतं.

दुसऱ्या टोकाला जॅनेट इव्हान्स. १९८९ मधला तिचा ८०० मीटरचा विश्वविक्रम तब्बल एकोणीस वर्षं टिकला. १९९६ मध्ये ती निवृत्त झाली आणि दोन मुलांची आई झाल्यावर, चाळिसाव्या वर्षी, २०१२ च्या अमेरिकी निवड चाचणीत उतरली. तिथं प्रवेशासाठी लागणारी वेळ गाठणं हीच मोठी कमाई होती, आणि तिच्याबद्दल मनात आदरच वाटतो. पण ४०० मीटरमध्ये ११३ जणींत तिचा क्रमांक ८० वा आणि ८०० मीटरमध्ये ६५ जणींत ५३ वा लागला. थॉर्प या दोन टोकांच्या मधला. त्याच्या २०० मीटरच्या दोन वेळांना वरचं घनाचं गणित लावलं तर त्याची ताकद विक्रमाच्या दिवसापेक्षा सुमारे १५ टक्क्यांनी कमी भरते. जुना थॉर्प भिंतीला हात लावेल तेव्हा नवा थॉर्प दहा मीटरहून जास्त मागं असेल. पाण्यातली त्याची ठेवण तेव्हाही सुरेख होती. शेवटच्या पन्नास मीटरला लागणारा दम पाच वर्षांच्या खंडानंतर वर्षभरात परत आला नाही.

५. तीन हरकती

पहिली हरकत फेल्प्सची. मायकेल फेल्प्स २०१२ मध्ये निवृत्त झाला, एप्रिल २०१४ मध्ये परतला, आणि रिओत ३१ व्या वर्षी पाच सुवर्णं आणि एक रौप्य घेऊन गेला. त्यात २०० मीटर बटरफ्लाय होती, म्हणजे दमाची कसोटी पाहणारी शर्यत. मग अंतराचं सूत्र कुठं गेलं? इथं खंडाची लांबी पाहायला हवी. फेल्प्सचा खंड जेमतेम वीस महिन्यांचा होता आणि परतल्यावर ऑलिंपिकपर्यंत त्याला सव्वादोन वर्षं मिळाली. थॉर्पचं गणित याच्या अगदी उलट होतं. शिवाय फेल्प्सनं काय सोडलं तेही पाहा: ४०० मीटर मेडलेचा विश्वविक्रम त्याच्या नावावर असताना तो रिओत त्या शर्यतीच्या वाटेला गेला नाही. २०० बटरफ्लायही त्यानं अवघ्या ०.०४ सेकंदानं जिंकली, आणि बीजिंगमधल्या स्वतःच्या वेळेपेक्षा एका सेकंदाहून जास्त सावकाश. सूत्र मोडत नाही. त्यात खंडाचा आकडा मिळवावा लागतो.

खंड फार लांबला तर छोटी शर्यतही वाचवत नाही. १९७२ मध्ये म्युनिकला सात सुवर्णं जिंकणाऱ्या मार्क स्पिट्झनं वीस वर्षांनी, चाळिशी ओलांडल्यावर, बार्सिलोना ऑलिंपिकसाठी १०० मीटर बटरफ्लायमध्ये प्रयत्न केला. निवड चाचणीच्या पात्रतेची वेळच त्याला दोनेक सेकंदांनी गाठता आली नाही. या काळात केवळ त्याचं शरीर बदललं नव्हतं, जगाचा वेगही पुढं गेला होता. परतणाऱ्याला कालच्या स्वतःशी बरोबरी करून भागत नाही.

दुसरी हरकत पोशाखाची. २००८ मध्ये अंग आवळून पाण्याचा रोध कमी करणारे नवे पोशाख आले होते आणि २०१० पासून तसल्या पोशाखांवर बंदी आली. टोरेसच्या २४.०७ मध्ये पोशाखाचा वाटा होताच, हे मान्य करायला हवं. पण तो पोशाख तिच्या प्रतिस्पर्ध्यांच्या अंगावरही होता. आणि बंदीनंतर, २०१२ च्या अमेरिकी निवड चाचणीत, ४५ व्या वर्षी ती २४.८२ सेकंदांत चौथी आली. ऑलिंपिकचं तिकीट ०.०९ सेकंदानं हुकलं. बारा वर्षांपूर्वीच्या सिडनीपेक्षा ती फक्त ०.१९ सेकंदानं मागं होती. पोशाखानं एवढं उत्तर मिळत नाही.

तिसरी हरकत सर्वांत बोचरी: औषधं. चाळिशीतल्या बाईनं विक्रम करावा म्हटलं की लोक कुजबुजणारच, आणि क्रीडाजगताचा इतिहास पाहता त्या संशयाला दोष देता येत नाही. टोरेसनं यावर एकच करता येण्यासारखं होतं ते केलं. अमेरिकेच्या उत्तेजकविरोधी संस्थेच्या जादा चाचण्यांच्या कार्यक्रमात ती स्वतःहून सामील झाली आणि तिनं रक्त-लघवीचे नमुने दिले. तिच्याविरुद्ध काही निघालं नाही. आजचा नियमही परतणाऱ्यांना कडक आहे: निवृत्त खेळाडूला मोठ्या स्पर्धेत उतरण्याआधी सहा महिने लेखी कळवून चाचण्यांसाठी हजर राहावं लागतं, म्हणजे एकांतात औषधं घेऊन अचानक उगवता येत नाही. कोणतीही चाचणी शंभर टक्के खात्री देत नाही हे खरं. पण छोट्या अंतराचं पुनरागमन औषधांशिवाय समजावून सांगता येतं, आणि पुरावा नसताना माणसाला चोर ठरवणं मला गैर वाटतं.

६. कोल्हापूरचा वीरधवल

आपल्याकडचं उदाहरण या सूत्रात चपखल बसतं. कोल्हापूरचा वीरधवल खाडे १६ व्या वर्षी बीजिंग ऑलिंपिकला गेला. २०१० मध्ये ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायमध्ये त्यानं कांस्य जिंकलं. खजान सिंग यांच्या १९८६ च्या रौप्यानंतर चोवीस वर्षांनी भारताला आशियाई स्पर्धेत जलतरणाचं पदक मिळालं. पुढं तो तहसीलदार झाला, मालवणात कामाला लागला आणि वरच्या पातळीच्या पोहण्यापासून लांब गेला. २०१८ मध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेसाठी तो परतला तो ५० मीटर फ्रीस्टाइलला. प्राथमिक फेरीत त्यानं २२.४३ सेकंदांची, तोवरची सर्वोत्तम भारतीय वेळ दिली. अंतिम फेरीत २२.४७ सेकंदांत तो चौथा आला. जपानच्या खेळाडूनं २२.४६ मध्ये कांस्य नेलं. पुन्हा तेच दोन सेंटिमीटर. २०२३ मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत त्यानं याच शर्यतीचं सुवर्ण जिंकून निवृत्ती घेतली; त्याच स्पर्धेत त्याची पत्नी ऋजुता खाडे हिनं महिलांच्या ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण जिंकलं.

टोरेसनं स्पर्धा सोडल्या आणि ती परतली, तेव्हा तिच्या हाताशी फ्लोरिडातला तलाव, प्रशिक्षक आणि स्नायू ताणून देणारी माणसं होती. आपल्याकडचा जलतरणपटू बहुतेकदा पोटापाण्यासाठी सोडतो, आणि सोडला की तलावही सुटतो. खंडाची लांबी हा या सगळ्या हिशेबातला कळीचा आकडा आहे, आणि नेमका तोच आकडा धोरणानं कमी करता येतो. महाराष्ट्रात खेळाडूंना सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे, ते योग्यच आहे. पण सव्विसाव्या वर्षी देशातला सर्वांत वेगवान असू शकणाऱ्या माणसाची नेमणूक करताना त्या गावात पन्नास मीटरचा तलाव आहे का, आणि कामाआधी दोन तास तो वापरायला मिळेल का, एवढं शासनानं पाहायला हवं. छोट्या अंतराच्या पोहणाऱ्याला आठवड्याला काही मोजके पण चांगले तास पुरतात, हे मॅकएव्हॉयनं दाखवून दिलं आहे. तेवढी सोय नेमणुकीच्या आदेशातच लिहून द्यावी.